हात दुखतो तेव्हा चूक कुणाची? गिटार, अंगठा आणि तीनशे वर्षं जुना प्रश्न

गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या हाताचा अंगठा बुडाशी दुखायला लागला. एफ कॉर्ड धरली की कळ यायची. आधी गिटार वाजवतानाच, मग डब्याचं झाकण उघडताना, मग कुलपात किल्ली फिरवतानासुद्धा. ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच : "सवय होईल. बोटांना घट्टे पडले की दुखायचं थांबतं." आईचं उत्तर थोडं वेगळं होतं : "ती गिटार ठेव आता बाजूला. थीसिस संपव आधी."

घट्टे तर कधीचे पडले होते. दुखत होतं ते बोटाच्या टोकाला नाही, सांध्यात. हा फरक मला सहा महिने कुणाला नीट सांगता आला नाही, कारण तो मलाही कळला नव्हता. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा दाबून, फिरवून पाहिला आणि विचारलं, "दिवसभर काम काय करता?" म्हटलं, पीएचडी. "ते नाही हो. हाताने काय करता?"

तेव्हा पहिल्यांदा हिशोब केला. प्रयोगशाळेत उजव्या हातात पिपेट असतं आणि डाव्या अंगठ्याने मी छोट्या ट्यूबची झाकणं उघडत असतो. कामाच्या दिवशी दोन-अडीचशे सहज. संध्याकाळी तोच अंगठा गिटारच्या मानेमागे तास-दीड तास दाबून धरायचा. मी दोष गिटारला देत होतो, आई वेळापत्रकाला, मित्र माझ्या कच्च्या बोटांना. डॉक्टरांनी एका प्रश्नात सगळी मांडणीच बदलली.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. हात दुखतो तेव्हा कारण कुठे शोधायचं? हातात, मनात, की कामात आणि वाद्यात? वैद्यकाने आणि वादकांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यात शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून इथे मांडतोय.

१७०० : "तुझा धंदा काय?"

माझ्या डॉक्टरांचा प्रश्न तीनशे वर्षं जुना निघाला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ छापला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यात आणखी एकाची भर घाला, असं त्याने सांगितलं : तुझा धंदा काय? आज आपल्याला हे साधं वाटतं. पण रोग शरीरातल्या द्रवांच्या बिघाडातून होतो असं मानणाऱ्या काळात, रोगाचं कारण माणसाच्या कामात शोधा असं म्हणणं ही मोठी उडी होती.

१७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखनिकांबद्दल लिहिलं. त्यांच्या दुखण्याची तीन कारणं त्याने दिली : सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. थीसिस लिहिणाऱ्याने ही यादी एकदा शांतपणे वाचावी. त्याने एका लेखनिकाची हकिगतही दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला. पुढे डाव्यालाही तेच झालं.

या हकिगतीत एक नकळत घडलेला प्रयोग आहे. हात बदलला, काम तेच ठेवलं, परिणाम तोच आला. म्हणजे दोष त्या हातात नव्हता. एका रोग्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं, पण कुठे बघायचं हे एक रोगीसुद्धा दाखवू शकतो.

शूमान : हातच दुरुस्त करायचा

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. १८३० साली रॉबर्ट शूमान कायद्याचं शिक्षण सोडून लाइपझिगला फ्रीड्रिख वीक यांच्याकडे पियानो शिकायला राहिला. नावाजलेला वादक व्हायचं होतं. पुढच्या दोन वर्षांत उजव्या हाताचं मधलं बोट ऐकेनासं झालं. बोटांना ताकद यावी म्हणून त्याने एक यांत्रिक साधन वापरलं, त्याला तो 'सिगारयंत्र' म्हणायचा. नंतर उपचार म्हणून नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून ठेवण्यापर्यंत मजल गेली. त्या काळी हा रीतसर सांगितला जाणारा उपाय होता. बोट सुधारलं नाही. वादक व्हायचं राहिलं आणि तो संगीतकार झाला.

यंत्रामुळे बोट गेलं, की बोट जात होतं म्हणून यंत्र आणलं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १९७१ मध्ये एरिक सॅम्स यांनी पाऱ्याच्या औषधांमुळे झालेल्या विषबाधेची शक्यता मांडली. आजचे बरेच तज्ज्ञ फोकल डिस्टोनियाकडे बोट दाखवतात. यात सहसा वेदना नसते, पण वाजवायला बसलं की बोट मनाविरुद्ध वळतं किंवा उचललं जातं. मेंदूतल्या हालचालींच्या नकाशातला हा बिघाड आहे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली : ज्याला तपासता येत नाही अशा माणसाचं निदान दोनशे वर्षांनी करताना आपण आपल्या काळातला आवडता रोग त्याला चिकटवत असतो. दुसरी माझ्या विषयाला जास्त जवळची आहे. शूमानने बदलायला घेतला तो हात. पियानो, सरावाचे तास, बसण्याची पद्धत यांतलं काही नाही. वाद्य आहे तसंच राहणार, माणसाने त्याच्या मापाचं व्हायचं, असं त्या काळच्या तालमीचं गृहीतक होतं. 'सवय होईल' म्हणणारे माझे मित्र त्याच तालमीतले.

दुखणं नसांचं, मनाचं की स्नायूंचं?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारकुनी वाढली, तारायंत्र आलं, घरोघरी पियानो आले आणि दुखरे हात दवाखान्यांत दिसू लागले. ब्रिटिश मज्जातज्ज्ञ विल्यम गावर्स यांनी लेखनिकांच्या पेटक्याला आणि तशा इतर तक्रारींना 'व्यवसायजन्य न्यूरोसिस' या सदरात टाकलं. तेव्हा न्यूरोसिस म्हणजे मज्जासंस्थेचा असा विकार, ज्यात उघड इजा दिसत नाही. पण शब्दाला वास असतोच. हळूहळू 'हा माणूस मुळातच हळवा' असा अर्थ त्याला चिकटला.

त्याच सुमारास, १८८७ मध्ये, जॉर्ज व्हिव्हियन पूअर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पियानोवादकांच्या हातांवर एक व्याख्यान छापलं. त्यांनी हात आणि बाहू प्रत्यक्ष चाचपून, कुठला स्नायू आणि कुठली नस दुखरी आहे ते नोंदवलं. म्हणजे त्यांनी स्वभावाच्या आधी हात तपासला.

मग पूअर जवळजवळ विसरले गेले. १९८६ मध्ये मेलबर्नचे शल्यविशारद हंटर फ्राय यांनी वादकांच्या अतिवापराच्या दुखण्यावर लिहिलं. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं हे लेखन उकरून काढलं आणि त्यावर स्वतंत्र ऐतिहासिक लेख लिहिला. ऑस्ट्रेलियात तेव्हा टायपिस्ट आणि कारखान्यातल्या कामगारांच्या हातदुखीवरून मोठा वाद पेटला होता : ही खरी इजा, की समाजात पसरलेली समजूत? फ्राय यांचा लेख त्या वादातला पुरावा होता. तुम्ही साहित्याचा आढावा घेताना जुने संदर्भ बघायचा कंटाळा करता ना? मीही करतो. पण काही वेळा आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं, फक्त मध्ये शब्द बदललेला असतो.

७६ टक्के, पण कशाचे?

याच वर्षांत अमेरिकेतल्या ४८ वाद्यवृंदांत एक मोठी पाहणी झाली. सुमारे ४,००० वादकांपैकी २,२१२ जणांनी प्रश्नावली भरली. १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले : ७६ टक्के वादकांना वादनावर परिणाम करणारी किमान एक गंभीर वैद्यकीय तक्रार होती. वादकांच्या वैद्यकावरच्या लेखांत हा आकडा आजही सापडतो.

आता थांबा आणि छेद बघा. ७६ टक्के उत्तर देणाऱ्यांपैकी आहेत. ज्याला काहीच होत नाही तो प्रश्नावली कशाला भरेल? सगळ्यात वाईट बाजू धरू : उत्तर न देणारे सगळे ठणठणीत होते. तरी २,२१२ चे ७६ टक्के म्हणजे सुमारे १,६८०, आणि ४,००० पैकी ते ४२ टक्के भरतात. म्हणजे आकडा ७६ वरून घसरला तरी प्रश्न नाहीसा होत नाही. कुठलाही सर्व्हे वाचताना ही दोन ओळींची आकडेमोड करायची सवय लावून घ्या.

माझी अडचण निराळी होती. वाद्यवृंदात गिटार जवळजवळ नसतेच. या पाहणीत व्हायोलिनवाले होते, चेलोवाले होते. बारमध्ये, लग्नात, हॉस्टेलच्या गच्चीवर वाजवणारे नव्हते. त्यांचा इतिहास चरित्रांतून आणि मुलाखतींतून गोळा करावा लागतो.

हात नाही, वाद्य बदललं

जँगो रेनहार्ट, १९२८. पॅरिसच्या कडेला त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून वळली ती कायमची. दीर्घ उपचारांच्या काळात त्याने गिटारवादन पुन्हा नव्याने बसवलं : सोलो फक्त दोन बोटांनी आणि वळलेली बोटं काही कॉर्डमध्ये वरच्या तारांवर टेकवायला. १९३४ मध्ये स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याचा पॅरिसमधला पंचकसंच उभा राहिला.

टोनी आयोमी, बर्मिंगहॅम, १९६५. वय १७. पत्र्याच्या कारखान्यातला नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वादक, त्यामुळे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. पुढे त्याने लिक्विड साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं आणि बारीक तारांसाठी बँजोच्या तारा गिटारला लावल्या. नंतर त्याने तारा तीन स्वरांतरं खाली उतरवल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये तो खालचा, जड आवाज ऐकू येतो.

जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला. डावा हात अशक्त राहिला. नेहमीच्या कॉर्ड धरणं अवघड जायचं, म्हणून तिने तारा वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवायला सुरुवात केली. मोकळ्या तारांनीच कॉर्ड बनायची आणि बोटांचं काम कमी व्हायचं.

आणि लेस पॉल. १९४८ मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. सांधा पुन्हा हलणार नव्हता. मग तो गिटार धरता येईल अशा कोनात बसवून द्या, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. म्हातारपणी संधिवाताने बोटं आखडली. तरी २००९ मध्ये ९४ व्या वर्षी वारला तोपर्यंत न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये तो दर सोमवारी वाजवत होता. जी बोटं चालायची त्यांच्यापुरतं त्याने वादन आखून घेतलं होतं.

भाजणं, बोट तुटणं, पोलिओ आणि संधिवात ही एकाच जातीची दुखणी नाहीत, हे मला माहीत आहे. मी त्यांना एकत्र आणतोय ते निदानासाठी नाही. शूमानसमोरचा प्रश्न यांच्यासमोरही होता, पण यांनी तार, जुळणी, पट्टी आणि बोटांची मांडणी, म्हणजे हाताबाहेरचं सगळं बदलता येतं असं धरलं.

मात्र या गोष्टी सांगताना मला एक भीती वाटते. आपल्याला जँगो माहीत आहे कारण तो जमवू शकला. ज्यांनी दुखऱ्या हाताने वाजवत राहून हात आणखी बिघडवला आणि गिटार कपाटावर टाकली, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. फक्त उरलेले मोजायचे आणि त्यांच्यावरून नियम काढायचा, ही संशोधनातली जुनी चूक. 'जँगो दोन बोटांनी वाजवायचा, तू अंगठ्यासाठी रडतोस?' हे वाक्य मला खरोखर ऐकवलं गेलंय. मी ते सहा महिने खरं मानलं.

अंगठ्याचं आणि तारेचं गणित

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे आकडे बघितल्याशिवाय चैन पडेना.

अंगठ्याच्या बुडाचा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा सगळीकडे फिरतो. पण त्याची किंमत द्यावी लागते. १९७७ मध्ये कूनी आणि चाओ यांनी सांध्यांवरच्या बलांचं गणित मांडलं. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या टोकाजवळच्या सांध्यावर सुमारे तीन किलो आणि बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. बार कॉर्ड धरताना मानेमागून अंगठा दाबणं म्हणजे चिमूटच. अडीचशे झाकणं म्हणजे पुन्हा अंगठ्याचाच जोर. कळ कुठून येत होती ते एका गुणाकारात कळलं.

आता तार. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली तर ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीन स्वरांतरं खाली उतरलं की कंपनसंख्या ०.८४ पट होते आणि ताण ०.७१ पट. आयोमीच्या दुखऱ्या बोटांना साधारण २९ टक्के सूट मिळाली ती अशी. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे असतो, नायलॉनच्या तारांच्या गिटारवर ४० च्या आसपास. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या, पण हाताच्या दृष्टीने दोन वेगळी कामं.

मी काय केलं? तारा दोन स्वरांतरं उतरवल्या आणि दुसऱ्या पट्टीवर कापो लावला. सूर मूळचाच राहिला, ताण २१ टक्क्यांनी कमी झाला, पट्ट्यांमधलं अंतर ११ टक्क्यांनी घटलं. शिवाय एफ कॉर्ड पहिल्या पट्टीवर असल्यामुळे, मानेच्या टोकाच्या नटवरून तार उंच येत असेल तर तिथे जास्त जोर लागतो. कापोमुळे तोही प्रश्न सुटला. मग अंगठा मानेवरून पूर्ण उचलून बार धरायचा सराव केला. गिटार छातीशी टेकलेली असते, बाहूच्या वजनाने बोटं मागे ओढली की आवाज निघतो. सुरुवातीला घाण आवाज येतो, पण चिमूट किती फुकट लावत होतो ते समजतं.

प्रयोगशाळेत झाकणं उघडायचं छोटं साधन मिळतं, ते वापरायला लागलो. सर म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस? कपाटात पडूनच होतं." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुखणं सांगणं म्हणजे कच्चेपणा कबूल करणं, असं मला वाटत होतं. म्हणजे १८८० च्या दशकातला तो न्यूरोसिस शब्द माझ्या डोक्यात अजून राहत होता.

एक सूचना. हे माझ्या अंगठ्याचं उत्तर आहे, तुमच्या हाताचं नाही. सांधा सुजला असेल, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा बोट अडकून बसत असेल, तर कापो लावून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा. आणि जाताना दिवसभर हाताने काय करता याची यादी घेऊन जा.

रामाझ्झिनीच्या प्रश्नाची गंमत इथेच आहे. तो रोग्याला उत्तर देत नाही, दुसरीकडे बघायला लावतो. तुमचा प्रयोग फसतोय, विदा जुळत नाही, तेव्हा आपण आधी स्वतःला दोष देतो, मग जास्त तास बसतो. शूमाननेही जास्त जोर लावला होता. त्याआधी एकदा विचारून बघा, की बदलायला हवी ती गोष्ट हातात आहे, की हातातल्या वस्तूत?

अंगठा आता ऐंशी टक्के बरा आहे. बाकीचे वीस टक्के मी रोज वीस मिनिटंच वाजवून सांभाळतो. आईला वाटतं थीसिससाठी वेळ काढतोय. तेही खोटं नाही.